एका नांवाचीं तीन बिऱ्हाडें

(नभोवाणीवरील भाषण)



इंग्रजी भाषेचा एखादा मोठा कोश उघडून 'पेरिविंकल' हा शब्द पाहिला, तर वाचणारा क्षणभर बुचकळ्यांत पडतो. पहिला अर्थ मिळतो तो जमिनीवर पसरणाऱ्या आणि निळीं फुलें येणाऱ्या एका वेलीचा. दुसरा अर्थ, समुद्रकांठच्या खडकांना चिकटून राहणारी एक लहानशी गोगलगाय. आणि तिसरा अर्थ, निळा व जांभळा ह्यांच्या मधला एक फिका रंग. वनस्पति, प्राणी आणि वर्ण हीं तीन बिऱ्हाडें एकाच नांवाच्या पाटीखालीं कशीं राहूं लागलीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

शब्द परक्या भाषेंतला. मग मराठी घरांत बसून त्याची उठाठेव कां करावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, ह्याच नांवाचें आणखी एक बिऱ्हाड आपल्या अंगणांत आहे. आपण जिला सदाफुली म्हणतों, जी कुंडींत, तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं, किंबहुना भिंतीच्या भेगेंतहि बारा महिने फुललेली असते, तिला इंग्रज लोक 'मादागास्करची पेरिविंकल' म्हणतात. आणि आपल्या शहरांतल्या रोपवाटिकांत तीच 'विंका' ह्या नांवानें विकली जाते. ह्या सदाफुलीच्या पानांतून निघालेल्या औषधांनीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या हजारों मुलांचे प्राण वांचविण्यास हातभार लाविला आहे. उलट, तिचींच पानें सकाळीं अनशापोटीं चावून मधुमेह बरा होईल, अशा समजुतीनें वागणारीं माणसेंहि आपल्या ओळखीपाळखींत असतात. नांव सारखें म्हणून वस्तु सारखी, आणि वस्तु रोजच्या ओळखीची म्हणून तिचा गुणहि ओळखीचा, असें आपण सहज धरून चालतों. ही समजूत किती तपासून घ्यावी लागते, हें ह्या एका शब्दाच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

प्रथम वेलीकडे वळूं. रोमन लोक तिला 'व्हिंका पेर्व्हिंका' म्हणत. लॅटिन भाषेंत 'व्हिंकिरे' ह्या धातूचा अर्थ बांधणें असा आहे. ही वेल लांब, लवचिक आणि बारमास हिरवी. हार आणि मुकुट गुंफावयास सोयीची. त्यावरूनच तिला हें नांव पडलें असावें, असें व्युत्पत्तिकार मानतात. इ. स. ७९ सालीं व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट झाला, त्या प्रसंगीं मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथांत हिचा उल्लेख केला आहे. ही सदा हिरवी असते, हिचीं पानें दोरीवर पेऱ्यापेऱ्यानें ओंवल्यासारखीं दिसतात, आणि इतर फुलांची वाण पडते तेव्हां ती उणीव ही भरून काढते, अशा आशयाचें तिचें वर्णन तो करतो. पुढें हेंच लॅटिन नांव फ्रेंच भाषेंत 'पेरवांश' झालें, आणि प्राचीन इंग्रजींत 'पेर्विंके' ह्या रूपानें येऊन राहिलें.

जी वेल हारासाठीं, ती आनंदासाठींच असेल असें मात्र नाहीं. हार विवाहांतहि लागतो आणि अंत्ययात्रेंतहि लागतो. इटलींत मेलेल्या लहान मुलांच्या तिरडीवर ह्या वेलीच्या माळा वाहण्याची चाल होती, आणि त्यावरून तेथें तिला 'मृतांचें फूल' असें नांव मिळालें. इंग्लंडच्या इतिहासांत तर ह्या वेलीचा एक भयंकर प्रसंग नमूद आहे. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठीं लढणारा सर सायमन फ्रेझर हा वीर १३०६ सालीं इंग्रजांच्या हातीं सांपडला. घोड्याच्या पोटाखालीं पाय जखडून त्याला लंडन शहरांत आणलें, तेव्हां त्याची विटंबना करण्यासाठीं त्याच्या मस्तकावर ह्याच वेलीचा मुकुट घातला होता, असें त्या काळच्या एका इंग्रजी पद्यांत सांगितलें आहे. त्यानंतर त्याला देहान्त शासन झालें. जी वेल गौरवाचा मुकुट गुंफण्यास योग्य, तीच उपहासाचा मुकुट गुंफण्यासहि योग्य ठरली.

ह्याच्या अगदीं उलट आठवण फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो ह्यानें लिहून ठेविली आहे. रूसोच्या मृत्यूनंतर, १७८२ सालीं, त्याच्या आत्मचरित्राचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यांत तो सांगतो कीं, तरुणपणीं आपली आश्रयदात्री मादाम द व्हारां हिच्याबरोबर तो खेड्यांतल्या नव्या घरीं राहावयास निघाला असतां, वाटेंत कुंपणापाशीं तिला कांहीं निळें दिसलें आणि पेरवांश अजून फुललेली आहे असें ती उद्गारली. त्यानें त्या फुलाकडे जातां जातां नुसती एक नजर टाकली. त्या गोष्टीला सुमारें तीस वर्षें लोटलीं. १७६४ सालीं स्वित्झर्लंडांत एका मित्राबरोबर टेंकडी चढत असतां झुडपांत त्याला तेंच फूल दिसलें, आणि हर्षानें तो ओरडून उठला. मित्राला त्या आनंदाचें कारण कळलें नाहीं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत ह्या वेलीचीं जीं लक्षणें दिलेलीं असतात, त्यांत हा आनंद कोठें सांपडावयाचा नाहीं. पण फ्रेंच वाचकाच्या मनांत ह्या शब्दाला जो सुगंध आहे, तो ह्या हकीकतीनें आणलेला आहे. फुलाला स्वतःला म्हणण्यासारखा वास नसतो.

आतां गोगलगायीकडे येऊं. तिचा आणि वेलीचा जन्मतः कांहींच संबंध नाहीं. दहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत एल्फ्रिक नांवाचा एक ख्रिस्ती साधु होऊन गेला. मठांतल्या मुलांना लॅटिन बोलतां यावें म्हणून त्यानें एक संवाद रचला. त्यांत कोणी नांगऱ्या होतो, कोणी मेंढपाळ, कोणी शिकारी, कोणी कोळी. गुरु प्रश्न विचारतो आणि ज्यानें त्यानें आपापल्या धंद्याची माहिती द्यावयाची. माझा स्वतःचा जन्म शाळाखात्यांत गेल्यामुळें हें हजार वर्षांपूर्वींचें पाठ्यपुस्तक मला फार आपलेंसें वाटतें. ह्या संवादांतला कोळी समुद्रांत काय काय मिळतें तें सांगतांना कालवें, खेंकडे आणि शिंपले ह्यांच्या जोडीला एका लहान शंखाच्या प्राण्याचेंहि नांव घेतो. लॅटिन ओळींवर कोणीं तरी प्राचीन इंग्रजी अर्थ लिहून ठेविले आहेत, त्यांत हें नांव आढळतें. त्याचा उत्तरार्ध 'विंकल'. वळणें, वांकणें ह्या अर्थाच्या जुन्या धातूपासून तो आलेला दिसतो. गोगलगायीच्या शंखाचा पीळ पाहिला म्हणजे त्याचें कारण सांगावें लागत नाहीं. पूर्वार्ध मात्र विद्वानांत वादाचा झाला आहे. कोणी तो 'पिने' असा वाचतात, कोणी 'विने' असा वाचतात. कारण त्या काळच्या इंग्रजी लिपींत 'व'कारासाठीं जें अक्षर होतें, तें 'प'काराच्या अक्षरासारखेंच दिसे. आपल्याकडे मोडी वाचणाऱ्यांना अशा अडचणीची कल्पना सहज येईल.

तेव्हां एका बाजूला लॅटिनांतून आलेली 'पेर्विंके' ही वेल, आणि दुसऱ्या बाजूला खुद्द इंग्लंडच्या किनाऱ्यावरची 'विंकल' ही गोगलगाय. दोन्ही शब्द पांच-सहाशें वर्षें लोकांच्या तोंडीं घोळत राहिले, झिजत गेले, एकमेकांकडे ओढले गेले, आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास दोहोंचाहि उच्चार 'पेरिविंकल' असा होऊन बसला. ह्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. आपल्या मराठींत 'पाव' म्हणजे चौथा हिस्सा; तो संस्कृत 'पाद' शब्दापासून आला. आणि 'पाव' म्हणजे भट्टींत भाजलेली रोटी; तो पोर्तुगीज लोकांनीं आणला. पावशेर पाव असें म्हणतांना त्या दोन शब्दांचीं घराणीं निराळीं आहेत हें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं. वेल आणि गोगलगाय ह्यांचें नातें तेवढेंच आहे. म्हणजे नातें नाहींच, शेजार आहे.

ह्या गोगलगायीचें शास्त्रीय नांव 'लिटोरिना लिटोरिआ'; म्हणजे किनाऱ्यावरची. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यांत खडकांवरचें शेवाळ खरवडून ती पोट भरते. ओहोटी लागली म्हणजे शंखाचें दार मिटून आंतला ओलावा ती राखून ठेवते, आणि पाणी परत येईपर्यंत तग धरते. इंग्लंडांतल्या गोरगरिबांचें हें जुनें खाद्य. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर तिसऱ्यांना आणि कालवांना जें स्थान, तेंच त्यांच्याकडे हिला. हेन्री मेह्यू ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या कष्टकरी लोकांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत रस्त्यांवरून हे शंख विकणाऱ्या फेरीवाल्यांची स्वतंत्र माहिती दिली आहे. शंख उकडावयाचे, आणि टांचणीच्या टोंकानें आंतलें मांस फिरवून बाहेर ओढावयाचें, अशी खाण्याची रीत.

पण ह्या क्षुद्र प्राण्यानें एका खंडाच्या किनाऱ्याचें रूप बदललें आहे, हें फारसें कोणाला ठाऊक नसतें. १८४० सालीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत, पिक्टू ह्या बंदरापाशीं, ही गोगलगाय आढळल्याची नोंद झाली. तेथून ती दक्षिणेकडे सरकत चालली, आणि एकोणिसावें शतक संपण्यापूर्वीं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर दूरवर पसरली. जहाजांतून भार म्हणून आणलेल्या दगडांबरोबर ती आली असावी, असें पुष्कळ शास्त्रज्ञांचें मत आहे. शेवाळ खाऊन खाऊन तिनें कित्येक ठिकाणचे हिरवे खडक उघडे पाडले, आणि तेथल्या मूळच्या प्राण्यांच्या अन्नावर व जागेवर आपला हक्क बसविला. आज त्या किनाऱ्यावर जन्मलेल्या मुलाला ती तेथलीच वाटते.

तिसरें बिऱ्हाड रंगाचें. आणि तें सर्वांत अलीकडचें. फुलावरून रंगाला नांव देणें ही गोष्ट आपल्याला नवी नाहीं. गुलाबी आणि अबोली हे रंग फुलांवरून. जांभळा, नारिंगी, डाळिंबी हे फळांवरून. अबोली रंगाचें लुगडें मागणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढें तें फूल त्या क्षणीं असेलच असें नाहीं. रंग फुलापासून सुटून स्वतंत्र झालेला असतो. इंग्रजींत 'पेरिविंकल' हें रंगाचें नांव म्हणून रूढ झालें तें विसाव्या शतकांत, कापडें आणि रंग विकणाऱ्यांना छटाछटांचे बारकावे सांगण्याची गरज पडूं लागल्यावर. तो रंग युरोपांतल्या वेलीच्या फुलाचा आहे; गोगलगायीशीं त्याचा संबंध नाहीं. आपल्या सदाफुलीशींहि नाहीं. सदाफुली मूळची गुलाबी किंवा पांढरी. तेव्हां इंग्रजी गोष्टींत 'पेरिविंकल रंगाची टोपी' असें वाचून एखाद्या मुलानें खिडकींतली सदाफुली पाहिली आणि टोपी गुलाबी रंगविली, तर त्यांत दोष मुलाचा नसून नांवाचा आहे.

आणि आतां आपण त्या सदाफुलीपाशीं आलों. तिचें माहेर मादागास्कर. आफ्रिकेच्या आग्नेयीस असलेलें हिंदी महासागरांतलें तें मोठें बेट. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधून मिळालेल्या बियांपासून फिलिप मिलर ह्या उद्यानशास्त्रज्ञानें लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेंत तीं रोपें वाढविलीं. फुलाची पांच पाकळ्यांची ठेवण पाहून तें युरोपांतल्या निळ्या वेलीचेंच भावंड मानलें गेलें, आणि स्वीडनचा महान वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्यानें १७५९ सालीं तिचें नांव 'व्हिंका रोझिया', म्हणजे गुलाबी व्हिंका, असें ठेविलें. पुढें बारकाईनें पाहतां हें भावंड नव्हे, फार तर चुलत भावंड, असें दिसून आलें. युरोपांतली व्हिंका जमिनीवर सरपटते, सदाफुली ताठ उभी वाढते. फुलांच्या आंतल्या रचनेंतहि भेद आहे. म्हणून १८३७ सालीं जॉर्ज डॉन ह्यानें ह्या झाडांचा निराळा वंश मानून त्याला 'कॅथरँथस' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'निर्मळ फूल'. ह्या वंशांतल्या बहुतेक सर्व जाति मादागास्करच्याच. एक लहान पांढऱ्या फुलांची जाति मात्र भारत व श्रीलंका ह्या देशांतली आहे. शास्त्रानें नांव बदललें, पण माळ्यांनीं बदललें नाहीं. लिनियसनें दिलेलें नांव आज जवळजवळ दोनशें वर्षें रद्द होऊनहि आपल्या रोपवाटिकांच्या पाट्यांवर 'विंका' म्हणून नांदत आहे.

सदाफुली परकी असल्यामुळें चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिला स्थान असण्याचें कारण नाहीं. परंतु एकदां आल्यावर मात्र ती देशभर पसरली, आणि प्रत्येक प्रांतानें आपापल्या दृष्टीनें तिचें नामकरण केलें. आपण तिचा अखंड बहर पाहून तिला सदाफुली म्हटलें; हिंदी भाषिकांनीं सदाबहार म्हटलें; बंगाली लोकांना ती डोळ्यांतल्या बाहुलीसारखी दिसली, म्हणून त्यांनीं नयनतारा म्हटलें. तमिळांत तिला 'नित्यकल्याणी' असें मंगल नांव आहे, आणि त्याच भाषेंत 'स्मशानांतली मोगरी' ह्या अर्थाचें 'सुडुकाट्टु मल्लि' असेंहि नांव आहे. मल्याळी लोकांनीं तर तिला 'शवंनारि', म्हणजे प्रेतासारखा वास येणारी, असें म्हणून टाकलें. स्मशानाच्या रुक्ष जमिनींत पाण्यावांचून ती टिकते, हें त्याचें एक कारण असावें. इटलींतली व्हिंका आणि केरळांतली सदाफुली ह्या दोन निराळ्या वनस्पति. त्यांना नांवें देणाऱ्यांची एकमेकांशीं गांठ पडलेली नाहीं. तरी दोघांनाहि मृत्यूची आठवण झाली. जें बारमास हिरवें असतें, तें थडग्यापाशीं अधिक डोळ्यांत भरतें, हेंच खरें.

ह्या 'प्रेतफुलानें'च पुढें मुलांना जीवदान द्यावें, हा तिच्या चरित्रांतला सर्वांत मोठा प्रसंग आहे. वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका, फिलिपाइन्स अशा दूरदूरच्या प्रदेशांत ह्या झाडाच्या पानांचा काढा मधुमेहावर घेण्याची चाल होती. १९५२ सालीं जमेकांतून कॅनडांतील डॉ. क्लार्क नोबल ह्यांच्याकडे एक लिफाफा आला. त्यांत ह्या झाडाचीं वाळलेलीं पानें होतीं. क्लार्क नोबल हे इन्शुलिनवरील पहिल्या संशोधनांत काम केलेले गृहस्थ. तेव्हां मधुमेहाचें औषध त्यांच्याकडे यावें हें स्वाभाविक होतें. त्यांनीं तीं पानें आपले बंधु डॉ. रॉबर्ट नोबल ह्यांच्या हवालीं केलीं. रॉबर्ट नोबल ह्यांनीं पानांचा अर्क उंदरांना पाजून पाहिला. रक्तांतली साखर उतरली नाहीं. मग तो टोंचून पाहिला, तेव्हां उंदीर जंतुसंसर्गानें मरूं लागले. कारण शोधतां असें आढळलें कीं, त्यांच्या रक्तांतल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानें कमी झाल्या होत्या. दुसरा एखादा असता तर फसलेला प्रयोग म्हणून त्यानें पानें फेंकून दिलीं असतीं. नोबल ह्यांनीं उलट विचार केला: ज्या रोगांत पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते, त्या रोगावर हें चालेल काय?

रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं अर्कांतलें कार्यकारी द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि १९५८ सालीं न्यूयॉर्क येथील एका शास्त्रीय सभेंत तें जाहीर केलें. त्याच सुमारास अमेरिकेंतील एली लिली ह्या औषधी कंपनींत गॉर्डन स्वोबोडा हेहि त्याच झाडावर काम करीत होते. ह्या प्रयत्नांतून दोन औषधें निघालीं: व्हिंब्लास्टीन आणि व्हिंक्रिस्टीन. पहिलें १९६१ सालीं आणि दुसरें १९६३ सालीं अमेरिकेंत उपचारासाठीं मान्य झालें. त्या काळीं रक्ताचा तीव्र कर्करोग झालेलें मूल वांचणें हें दहांत एखादें उदाहरण. आज अनेक औषधें एकत्र देऊन नीट उपचार झाले तर दहांपैकीं आठ ते नऊ मुलें बरीं होऊं शकतात. हें श्रेय एकट्या सदाफुलीचें नव्हे. पण त्या औषधसमूहांत व्हिंक्रिस्टीन आजहि आहे.

हीं औषधें काम कसें करतात? पेशीची वाढ होते ती एकीच्या दोन होऊन. त्या वेळीं ट्यूब्युलिन नांवाच्या प्रथिनापासून पेशीच्या आंत सूक्ष्म नळ्या तयार होतात, आणि त्यांच्या आधारानें गुणसूत्रें दोन बाजूंना विभागलीं जातात. सदाफुलीचें औषध त्या प्रथिनाला जखडून ठेवतें. नळ्या उभ्याच राहत नाहींत, आणि पेशीचें विभाजन अडतें. मूळ लॅटिन नांव बांधण्यावरून पडलें होतें, आणि औषधाचें कामहि बांधण्याचेंच निघालें. हा निव्वळ योगायोग होय. औषधाचें नांव ठेवलें गेलें, तेव्हां ट्यूब्युलिन हें नांवहि अस्तित्वांत आलें नव्हतें.

परंतु जें कर्करोगाच्या पेशीला अडवितें, तें निरोगी पेशीलाहि अडवितें. म्हणून हीं औषधें कडक पहाऱ्यांत द्यावीं लागतात. येथें नांवाच्या सारखेपणाचा प्रश्न पुन्हां उभा राहतो, आणि आतां तो कोशांतला राहत नाहीं. व्हिंब्लास्टीन आणि व्हिंक्रिस्टीन ह्यांच्या रचनेंत एका ठिकाणच्या अणुसमूहापुरता फरक. नांवांतहि थोडाच फरक. पण व्हिंक्रिस्टीनची मात्रा पुष्कळ लहान असते, आणि त्याचा मुख्य आघात मज्जातंतूंवर होतो. व्हिंब्लास्टीनचा मुख्य आघात रक्त निर्माण करणाऱ्या अस्थिमज्जेवर होतो. एकाच्या जागीं दुसरें गेलें तर रोग्याच्या जिवावर बेततें. व्हिंक्रिस्टीन केवळ शिरेंतूनच द्यावयाचें असतें. दुसरें एखादें औषध समजून तें पाठीच्या कण्यांतल्या द्रवांत टोंचलें गेलें, तर रोगी बहुधा वांचत नाहीं. असे अपघात निरनिराळ्या देशांत घडले आहेत, आणि २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याबद्दल सर्वांना इशारा दिला. तें लहान पिचकारींत न भरतां द्रवाच्या छोट्या पिशवींत भरून शिरेंतून द्यावें, म्हणजे चूक होण्याचा संभवच राहूं नये, अशी ती सूचना होती.

ह्या औषधांना एकत्रितपणें 'व्हिंका अल्कलॉइड' म्हणतात. वास्तविक तीं युरोपांतल्या व्हिंकेपासून काढीत नाहींत. तीं सदाफुलीपासून निघतात, आणि सदाफुली शास्त्रदृष्ट्या व्हिंका राहिलेली नाहीं. उलट, खऱ्या व्हिंकेपासून 'व्हिंकॅमीन' नांवाचें निराळेंच द्रव्य मिळतें. तेव्हां बागेंतली 'विंका' व्हिंका नव्हे, औषधाची व्हिंका व्हिंका नव्हे, आणि व्हिंकेचें औषध कर्करोगाचें नव्हे, असा हा तिढा आहे.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सदाफुलीच्या पानांत हें द्रव्य इतकें अल्प असतें, कीं ग्रॅमभर औषधासाठीं शेंकडों किलो वाळलेलीं पानें लागतात. आज तमिळनाडूंतले शेतकरीहि तिचें पीक घेतात. परंतु ज्या बेटानें ही वनस्पति जगाला दिली, त्या मादागास्करला ह्या औषधांच्या नफ्यांतून वांटा मिळाला नाहीं. तोंवर हें झाड जगांत सर्वत्र पसरलें होतें, आणि जें सर्वत्र आहे तें कोणा एकाचें नाहीं, असा त्या काळचा न्याय होता. पुढें १९९२ सालच्या जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारानें देशांचा आपापल्या वनस्पतींवरील हक्क मान्य केला, आणि भारतानें २००२ सालीं स्वतःचा कायदा केला. अशा चर्चांत सदाफुलीचें उदाहरण वारंवार दिलें जातें.

शेवटीं घरगुती गोष्ट. ज्या समजुतीनें तीं पानें कॅनडांत पोंचलीं, ती समजूत आपल्याकडेहि आहे. सदाफुलीचीं चार पानें रोज चावावीं, साखर उतरते, असा सल्ला शेजारीपाजारी प्रेमानें देतात. रॉबर्ट नोबल ह्यांच्या उंदरांची साखर त्या पानांच्या अर्कानें उतरली नव्हती. पुढें इतर ठिकाणच्या प्राण्यांवरील कांहीं प्रयोगांत ती उतरल्याचें आढळलें आहे. पण त्याच पानांत पेशींची वाढ अडविणारीं द्रव्यें आहेत, आणि कोणत्या पानांत तीं किती आहेत हें चवीवरून कळत नाहीं. ही वनस्पति कण्हेराच्या कुळांतली आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें. कण्हेर खाऊं नये हें आपल्याकडे लहान मुलालाहि सांगावें लागत नाहीं. मधुमेहाचें औषध चालू असतांना, गर्भारपणांत, किंवा मुलांच्या बाबतींत असे प्रयोग तर मुळींच करूं नयेत. जी वनस्पति रुग्णालयांत मिलिग्रॅमच्या हिशेबानें मोजून देतात, ती अंगणांत मुठीनें खावयाची नाहीं.

सदाफुली जरूर लावावी. उन्हाळ्यांत इतर कुंड्या सुकतात तेव्हां ती फुललेली दिसते. प्लिनीनें जें दुसऱ्याच एका वेलीबद्दल म्हटलें, तें हिलाहि लागू पडतें. मुलांना तिचीं नांवें सांगावीं: बंगाल्याचें, तमिळाचें, इंग्रजाचें. त्या नांवांतलीं कोणतीं रूपावरून पडलीं, कोणतीं सारख्या उच्चारामुळें जुळलीं, आणि कोणतें नांव शास्त्रानें काढून घेतल्यावरहि पाटीवर तसेंच राहिलें, तेंहि सांगावें. आणि देवासाठीं फुलें तोडून आणल्यावर हात धुवावयास सांगावें.